कारखान्याचा प्रश्न आणि विद्यापीठाची पदवी

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांनीं मला मुद्दाम घरीं बोलावून घेतलें. त्यांची धाकटी मुलगी संख्याशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाली आहे, आणि इंग्लंडांतील एका विद्यापीठाकडून तिला डॉक्टरेटसाठीं प्रवेश देऊं केल्याचें पत्र आलें आहे. घरांत आनंद असावयाचा. परंतु चालला होता वाद. पत्रांत असें लिहिलें होतें कीं, पहिलें वर्ष अध्ययनाचें, पुढचीं तीन वर्षें संशोधनाचीं, आणि संशोधनाचा विषय एका दूरध्वनि कंपनीच्या कामकाजांतून घेतलेला असेल. त्या कंपनीचा एक मनुष्य मार्गदर्शकांपैकीं एक राहील व शिष्यवृत्तीचा कांहीं भार कंपनी उचलील. माझे हे स्नेही तीस वर्षें महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत होते. ते म्हणाले, "अहो, डॉक्टरेट म्हणजे आपल्या मनाला पडलेल्या प्रश्नाचा मनुष्यानें पाठपुरावा करावयाचा. येथें प्रश्नच मुळीं दुकानदाराचा! मग ही विद्या कीं चाकरी?" मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पत्र पुरतें वाचलेलेंच नाहीं." मला दोघांचेंहि म्हणणें ऐकून घ्यावें लागलें. त्या संध्याकाळीं जें बोलणें झालें तेंच आज थोडें विस्तारानें आपल्यापुढें मांडतों.

प्रथम या दोन शास्त्रांची ओळख करून घेऊं. संख्याशास्त्राचें काम आपल्या एका म्हणींत सामावलेलें आहे : शितावरून भाताची परीक्षा. गृहिणी पातेल्यांतलें एक शीत बोटांनीं दाबून पाहते आणि भात शिजला कीं नाहीं तें सांगते. एका शितावरून साऱ्या भाताविषयीं बोलण्याचा तिला अधिकार काय? भात सारखा शिजत असेल तर पुष्कळ. तळाशीं करपला व वर कच्चा राहिला असेल तर मुळींच नाहीं. किती शितें घ्यावीं, कोठून घ्यावीं, आणि तीं घेतल्यावरहि आपल्या निर्णयांत चूक किती संभवते, हें मोजून सांगणें म्हणजे संख्याशास्त्र. दुसरें शास्त्र वयानें धाकटें. त्याला ऑपरेशनल रिसर्च म्हणतात. आपण आजच्यापुरतें कार्यसंशोधन म्हणूं. माणसें, यंत्रें, वेळ आणि पैसा हीं सारीं तोटकीं असतां तीं कशीं वापरावीं म्हणजे काम अधिकांत अधिक साधेल, हा त्याचा प्रश्न. वस्तुस्थिति काय असावी हें पहिलें शास्त्र सांगतें. मग करावें काय, हें दुसरें.

आतां यांतील पहिल्या शास्त्राची एक मोठी पायरी कोठें घातली गेली तें पाहा. डब्लिन शहरांत गिनेस या नांवाचा बिअर गाळण्याचा प्रचंड कारखाना आहे. १८९९ सालीं ऑक्सफर्डहून गणित व रसायन शिकून आलेला विल्यम सीली गॉसेट नांवाचा तेवीस वर्षांचा तरुण तेथें नोकरीस लागला. हुशार पदवीधर वेंचून कारखान्यांत घ्यावेत असें त्या मंडळींचें धोरण होतें. बिअरला लागतो जव आणि लागतात हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें. कोणत्या जातीचा जव पेरावा, कोणत्या शेतांतला घ्यावा, एका पिंपांतला माल दुसऱ्यापेक्षां खरोखर निराळा आहे कीं तो केवळ योगायोग आहे, असे प्रश्न रोज पडत. एकेका प्रयोगाला एक शेत आणि एक हंगाम खर्ची पडे. म्हणून हातीं येणाऱ्या नोंदी चार, सहा, फार तर दहा. आणि त्या काळचीं संख्याशास्त्राचीं सूत्रें तर मोठ्या संख्येसाठीं रचलेलीं!

चार शितांवरून बोलावयाचें म्हणजे अडचण दुहेरी असते. सरासरी डळमळीत असते हें उघडच आहे. परंतु शिताशितांत फरक किती पडतो याचा अंदाजहि त्याच चार शितांवरून बांधावा लागतो. म्हणजे कापड कमी आणि मोजावयाचा गजहि रबराचा. गॉसेट यांना हें कळलें, पण त्याचा हिशेब करण्याइतकें शास्त्र जवळ नव्हतें. १९०५ सालीं त्यांनीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील विख्यात आचार्य कार्ल पिअर्सन यांची गांठ घेतली, आणि १९०६-०७ मध्यें कारखान्यानें त्यांना वर्षभर पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेंत अभ्यासासाठीं पाठविलें. पगार कारखान्याचा, प्रश्न कारखान्याचा, गुरु विद्यापीठाचा. पदवीचा प्रश्न तेथें नव्हता, एवढें सोडलें तर माझ्या स्नेह्यांच्या मुलीला आलेल्या पत्रांतील सारी रचना येथें आहे.

गंमत अशी कीं गुरूला शिष्याच्या प्रश्नाचें विशेष अगत्य नव्हतें. पिअर्सन हे शेंकडों-हजारों मापांवर काम करणारे. चार नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. ती वेळ येत होती ती कारखानदारावर. गॉसेट यांनीं कांहीं गणितानें व कांहीं अंदाजानें एक सूत्र काढलें. तें पडताळण्यासाठीं त्यांनीं ३००० गुन्हेगारांच्या उंचीचीं व डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीचीं प्रसिद्ध झालेलीं मापें पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरून काढलीं, ते तुकडे पत्त्यांसारखे पिसले, आणि चारचारांचे ७५० गट पाडले. प्रत्येक गट म्हणजे जणूं चार नोंदींचा एक लहानसा प्रयोग. सूत्र जमलें. निबंध १९०८ सालीं 'बायोमेट्रिका' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यावर लेखकाचें नांव होतें 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी. कारण कारखान्यांतील माणसांनीं आपलें संशोधन स्वतःच्या नांवानें छापूं नये, असा मालकांचा दंडक होता; धंद्यांतलीं गुपितें बाहेर जातील ही भीति. आज जगांत कोठेंहि संख्याशास्त्राचे पहिले धडे घेणारा मुलगा 'स्टुडंटची टी-कसोटी' शिकतो. हा स्टुडंट म्हणजे डब्लिनच्या बिअरच्या कारखान्यांतला एक नोकर, आणि १९३७ सालीं मरेपर्यंत तो गिनेस कंपनीच्याच सेवेंत होता, हें त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतें.

माझे स्नेही हसून म्हणाले, "म्हणजे सोमरसांतून शास्त्र निघालें म्हणा!" पण लगेच गंभीर होऊन त्यांनीं नेमकें दुखरें ठिकाण दाबलें : "तरी त्याला नांव लपवावें लागलेंच ना?" हा प्रश्न मीं त्या वेळीं बाजूस ठेवला. येथेंहि थोडा वेळ ठेवतों.

कार्यसंशोधनाचा जन्म युद्धाच्या धामधुमींतला आहे. हें नांव १९३८ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉड्सी येथें, रडारवर काम करणाऱ्या मंडळींत रूढ झालें. पुढें १९४१ सालीं पॅट्रिक ब्लॅकेट हे पदार्थवैज्ञानिक आपली तुकडी घेऊन समुद्रावर टेहळणी करणाऱ्या विमानदळाकडे गेले. तेथें ई. जे. विल्यम्स या त्यांच्या सहकाऱ्यानें पाणबुड्यांवर टाकावयाच्या बॉंबांचा हिशेब मांडला. हे बॉंब पाण्यांत १०० फूट खोल गेल्यावर फुटतील असे लावलेले असत. कारण विमान दिसतांच पाणबुडी बुडी मारते आणि बॉंब पडेपर्यंत ती साधारण तेवढी खोल गेलेली असते. ऐकावयास सयुक्तिक! विल्यम्स यांनीं वैमानिकांच्या अहवालांवरून दाखविलें कीं, जी पाणबुडी खोल गेली ती नेमकी कोणीकडे वळली हें वैमानिकाला कळतच नाहीं, म्हणून तिच्यावरचा बॉंब बहुधा वायां जातो. आणि जी अजून पृष्ठभागाजवळ आहे, जिची जागा डोळ्यांना दिसते आहे, तिच्या फार खालीं फुटून बॉंब तिला सोडून देतो. तेव्हां खोली २५ फुटांवर आणावी. ना नवें विमान, ना नवें शस्त्र. एक खिटी फिरविली आणि हल्ल्यांचा परिणाम कित्येक पटींनीं वाढला. युद्ध संपल्यावर या विद्येचे जाणकार कोळशाच्या खाणींकडे व पोलादाच्या गिरण्यांकडे वळले. १९६४ सालीं इंग्लंडच्या वायव्य भागांत लँकेस्टर येथें नवें विद्यापीठ निघालें तेव्हां ब्रिटनमधील या विषयाचे पहिले प्राध्यापक म्हणून तेथें पॅट्रिक रिव्हेट यांची नेमणूक झाली. राष्ट्रीय कोळसा मंडळांत त्यांनीं हेंच काम केलेलें होतें.

आणखी एक उदाहरण देतों. त्यांत दोन्ही शास्त्रें हातांत हात घालून येतात. समजा, आपल्या घरीं आंबे नेहमींच्या एका बागवानाकडून येतात. माल बरा असतो. यंदा बाजारांत चार नवे बागवान आले आहेत. त्यांचा माल कदाचित् उत्तम असेल, कदाचित् नासका निघेल. दर खेपेस जुन्याकडेच गेलें तर उत्तम आंबा घरांत कधीं येणार नाहीं. दर खेपेस नव्याकडे गेलें तर सारा हंगाम नुकसान सोसण्यांत जाईल. मग केव्हां जुन्याला धरावें आणि केव्हां नव्याला संधि द्यावी? औषधें व रसायनें बनविणाऱ्या कंपन्यांना हाच प्रश्न हजारों संयुगांच्या बाबतींत पडतो. युद्धकाळांत तो गणितज्ञांपुढें आला होता आणि कोणालाच सुटेना. तो जर्मनीवर टाकून द्यावा म्हणजे तिकडील शास्त्रज्ञांचा वेळ वायां जाईल, अशी थट्टा त्या काळीं चाले, अशी आठवण पुढें पीटर व्हिटल यांनीं नमूद करून ठेविली आहे. अखेर १९७४ सालीं जॉन गिटिन्स व डी. एम्. जोन्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गिटिन्स यांच्यापुढें हा प्रश्न आला तो एका मोठ्या कंपनीच्या रासायनिक संशोधनाची आंखणी करतांना. उत्तर थक्क करण्याइतकें सुटसुटीत आहे. प्रत्येक पर्यायाला त्याच्या आजवरच्या अनुभवावरून एक आंकडा द्यावा. तो ठरवितांना इतर पर्यायांकडे पाहूंहि नये. आणि ज्याचा आंकडा सर्वांत मोठा तो पर्याय घ्यावा. त्या आंकड्यांत अनोळखी पर्यायाला थोडें झुकतें माप मिळतें, कारण त्याच्यापासून शिकावयाचें अधिक असतें. गिटिन्स यांच्या या विषयावरील ग्रंथाची नवी आवृत्ति २०११ सालीं निघाली तेव्हां तिच्या सहलेखकांत केव्हिन ग्लेझब्रुक होते. आणि हे त्या वेळीं लँकेस्टरचे प्राध्यापक होते.

मीं लँकेस्टरचें नांव दोनदां घेतलें तें उगाच नव्हे. उद्योगधंद्यांशीं जोडलेल्या डॉक्टरेटचा जो नमुना संख्याशास्त्रांत नांवाजला गेला तो तेथला. ब्रिटनमध्यें डॉक्टरेट ही तशी अलीकडची गोष्ट आहे. ऑक्सफर्डनें ती १९१७ सालीं सुरू केली. तिची जुनी रीति आपल्याकडच्या गुरुकुलासारखीच : एक गुरु, एक शिष्य, तीन वर्षें आणि एक प्रबंध. गुरु चांगला लाभला तर ठीक. नाहींतर शिष्य एका कोपऱ्यांतल्या एका सूत्रांत अडकून पडे आणि बाहेर आला म्हणजे त्याला शेजारच्या खोलींतली भाषाहि समजत नसे. सर गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या २००२ च्या अहवालांत या एकांगीपणाकडे लक्ष वेधलेलें आहे. संख्याशास्त्रापुरता एक उपाय २००७ पासून निघाला : निरनिराळ्या विद्यापीठांतील नव्या संशोधकांना वर्षांतून चार आठवडे एकत्र आणून विषयाचीं मुख्य अंगें शिकवावयाचीं. मग २००८ च्या डिसेंबरांत अभियांत्रिकी व भौतिक विज्ञानांच्या ब्रिटिश संशोधन मंडळानें ४४ डॉक्टरेट-केंद्रांसाठीं २५ कोटि पौंड जाहीर केले. त्या योजनेंतून २०१० सालीं लँकेस्टर येथें 'स्टोर-आय' हें केंद्र उभें राहिलें. त्यांतील 'आय' हें अक्षर इंडस्ट्रीचें, म्हणजे उद्योगधंद्याचें. मंडळानें २०१४ व २०१९ सालीं त्याला पुन्हां अनुदान दिलें.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मुदत तीन वर्षांची नव्हे, चार वर्षांची. पहिल्या वर्षीं विषय ठरलेलाच नसतो! गणितांतून आलेल्याला संख्याशास्त्र शिकवावयाचें, संख्याशास्त्रांतून आलेल्याला कार्यसंशोधन. दोघांनाहि संगणकाचें काम, लेखन आणि चारचौघांपुढें उभें राहून बोलणें. मधूनच एखाद्या धंद्यांतलीं माणसें आपला अडलेला प्रश्न घेऊन येतात आणि विद्यार्थी गटागटानें त्यावर डोकें चालवितात. तेथें पहिला धडा मिळतो तो असा कीं, आलेल्या माणसानें जो प्रश्न विचारला तो त्याचा खरा प्रश्न नसतो. वर्ष संपत आलें म्हणजे संशोधनाचे विषय मांडले जातात व विद्यार्थी त्यांतून निवड करतो. शेल, बी.टी., युनिलिव्हर, ॲस्ट्राझेनेका, रोल्स-रॉइस, ब्रिटनचें हवामान खातें असे नाना तऱ्हेचे भागीदार या केंद्राला लाभले. परंतु सगळेच विषय धंद्यांतून येतात असें नाहीं; कांहीं परदेशच्या विद्यापीठांशीं जोडलेले असतात. ज्याच्यापुढें धंद्यांतला विषय असतो त्याला विद्यापीठांतले मार्गदर्शक असतातच; शिवाय त्या धंद्यांतला एक जाणता मनुष्य बरोबर असतो.

येथें मुलीनें मला एक अडचणीचा प्रश्न विचारला : "काका, कंपनीला हवें असतें उत्तर, आणि परीक्षकांना हवें असतें नवें शास्त्र. एकाच कामांतून दोन्ही कसें निघावें?" याचें उत्तर लँकेस्टरच्याच एका कामांतून देतां येतें. समुद्रांत तेलाचे मचाण उभारणाऱ्यांना लाटांची चंचलता केव्हां बदलते, शांत ऋतु संपून वादळी ऋतु केव्हां लागतो, हें कळावयास हवें असतें. या विषयावर विद्यापीठांतील रेबेका किलिक व इद्रिस एक्ली आणि शेल कंपनींतील दोन तज्ज्ञ यांचा निबंध २०१० सालीं प्रसिद्ध झाला. किलिक या त्या वेळीं संशोधक विद्यार्थिनी होत्या. नोंदींची लांब रांग कोठें कोठें तोडावी म्हणजे प्रत्येक तुकडा आंतून एकसारखा दिसेल, असा तो प्रश्न. नोंदी अवघ्या शंभर असल्या तरी तोडण्याचे प्रकार सहावर एकोणतीस शून्यें यांहून अधिक होतात. थोड्या नोंदींपुरत्या रीति होत्या. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी आल्या म्हणजे संगणकहि थकत असे. यांतून दुसरा, निव्वळ गणिती प्रश्न निघाला : जें तोडस्थान पुढें कधींच उपयोगी पडणार नाहीं तें वेळींच ओळखून टाकून देतां येईल काय? किलिक, पॉल फर्नहेड व एक्ली यांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं तें येतें, आणि उत्तराच्या अचूकपणांत तिळमात्र उणेपणा येत नाहीं. बदल मधूनमधून होत असतील तर नोंदी दुप्पट झाल्यावर वेळहि सुमारें दुप्पटच लागतो. आधींच्या अचूक रीतींत तो निदान चौपट होई. आतां हें तंत्र लाटांपुरतें कोठें राहिलें? जनुकांच्या नोंदी असोत, बाजारभाव असोत, तेंच चालतें. कंपनीचा प्रश्न प्रबंधांत जशाचा तसा जात नाहीं. त्याचें टरफल काढून आंतला गर ओळखावा लागतो, आणि चांगल्या मार्गदर्शकाचें सारें कसब त्या टरफल काढण्यांत असतें. ज्याला तें साधत नाहीं त्याच्या हाताखालीं विद्यार्थी चार वर्षें कंपनीचे तक्ते भरीत बसतो. माझ्या स्नेह्यांना जी भीति वाटत होती ती हीच, आणि ती निराधार नाहीं.

भीतीचीं इतरहि कारणें आहेत. कंपनी आपल्या नोंदी देण्याचें कबूल करते. त्या सहा महिन्यांनीं येतात, आणि येतात तेव्हां निम्म्या रकान्यांत कांहींच नसतें. ज्या अधिकाऱ्यानें हौसेनें प्रश्न दिला तो मध्येंच दुसरीकडे जातो आणि त्याच्या जागीं आलेल्याला त्यांत रस नसतो. कधीं प्रश्न इतका सोपा निघतो कीं पहिल्या वर्षाच्या पुस्तकांतल्या रीतीनें चार दिवसांत सुटतो. कंपनी खूष होते, परंतु त्यांत प्रबंध उरत नाहीं. आणि गुप्ततेचा प्रश्न तर आहेच. आज कोणी नांव लपवावयास सांगत नाहीं. परंतु निबंध छापण्यापूर्वीं कंपनीला दाखवावा, तिनें अमुक आठवड्यांत हरकत सांगावी, कांहीं आंकडे झांकावे, प्रबंध ग्रंथालयांत ठेवला तरी कांहीं काळ तो वाचावयास देऊं नये, असे करार होतात. आंकडे झांकण्याला माझी हरकत नाहीं. गॉसेट यांनीं बिअरच्या जागीं गुन्हेगारांचीं बोटें घेतलीं म्हणून सूत्राचें कांहींच बिघडलें नाहीं. रीत मात्र झांकूं नये. कारण नव्या संशोधकाजवळ दुसरी पुंजी नसते. त्याचें नांव त्याच्या छापलेल्या कामावरच उभें राहावयाचें असतें.

या बाबतींत देशोदेशीं निरनिराळ्या तऱ्हा आहेत. डेन्मार्कमध्यें १९७१ पासून आणि फ्रान्समध्यें १९८१ पासून अशा योजना आहेत. तेथें संशोधक हा कंपनीचाच पगारी नोकर असतो, सरकार कंपनीला साहाय्य करतें, आणि विद्यापीठ पदवी देतें. लँकेस्टरच्या रीतींत तो विद्यापीठाचा विद्यार्थी असतो आणि कंपनी पाहुण्यासारखी. पहिल्या तऱ्हेंत हातीं चांगलें वेतन येतें व धंदा आंतून कळतो. तरीहि नुकतीच पदवी घेतलेल्या मुलीच्या दृष्टीनें मला दुसरी तऱ्हा बरी वाटते. कंपनीचें मन बदललें तरी विद्यापीठाचें दार बंद होत नाहीं, आणि बरोबरीचे दहाबारा सोबती निराळ्या निराळ्या प्रश्नांवर काम करीत असतात, त्यांच्या संगतींत मनुष्य एकांगी होत नाहीं.

आपल्याकडे हा विचार अगदींच नवा आहे असें समजूं नका. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं लंडनच्या ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गॉसेट शिकावयास गेले होते तेथूनच १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर त्यांचा कारखाना म्हणजे शेत. देशांत गहूं किती पिकला हें सांगावयाचें, तर चिठ्ठ्या टाकून शेतें निवडावीं, त्यांत लहानसा तुकडा आंखून तेवढेंच पीक कापून तोलावें. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतें, असें त्यांच्या लक्षांत आलें. कारण सीमेवरचीं रोपें आंत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्या मानानें सीमा मोठी. हें त्यांनीं १९४६ सालीं लिहून प्रसिद्ध केलें. बांधावर उभें राहिल्यावांचून असला दोष दिसत नाहीं. उद्योगधंद्यांच्या बाबतींत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें पुढाकार घेतला; महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून मालाच्या गुणनियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्यें येथें येऊन गेले, आणि पुढें संस्थेचीं या कामाचीं केंद्रें मुंबई व पुणें येथेंहि झालीं. अलीकडे पवईच्या आय.आय.टी.मध्यें कार्यसंशोधनांत डॉक्टरेट करतां येते, आणि नोकरींत राहून ती करूं इच्छिणाऱ्यांचीहि तेथें सोय आहे. संशोधकाच्या वृत्तीचा अर्धा भार सरकारनें व अर्धा कंपनीनें उचलावा, अशी एक पंतप्रधानांच्या नांवाची योजनाहि या शतकाच्या दुसऱ्या दशकांत निघाली. पण पहिलें वर्ष विषयावांचून मोकळें ठेवावें आणि मुलांना सगळीं अंगें शिकवावीं, या गोष्टीला आपल्याकडे अजून फारसा मान नाहीं. प्रवेशाच्या दिवशींच विषय काय म्हणून विचारणारे आपण!

तें कांहीं असो. त्या संध्याकाळीं मीं मुलीला सांगितलें कीं, होकार कळविण्यापूर्वीं विद्यापीठाला एक पत्र घाल आणि तीन गोष्टी विचार. कंपनीनें अंग काढून घेतलें तर शिष्यवृत्ति व मार्गदर्शक कायम राहतील काय? वर्षांतले किती दिवस कंपनीच्या कचेरींत बसावें लागेल, आणि त्या दिवसांत काम कोणाच्या सांगण्यावरून करावयाचें? आणि जें शोधशील तें छापण्यास किती दिवस थांबावें लागेल? पहिल्या दोन प्रश्नांचा मसुदा तिनेंच केला. तिसऱ्यापाशीं माझ्या स्नेह्यांनीं चष्मा लावला, तिच्या हातून कागद घेतला, आणि 'छापण्यास' या शब्दाआधीं 'स्वतःच्या नांवानें' असें वर लिहून त्याखालीं रेघ ओढली. पत्र गेलें आहे. उत्तराची वाट आहे.